अण्णांच्या प्रदक्षिणा
आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तेव्हा हे लिहिण्याचं धाडस केलं त्याबद्दल माफ करा. भिजवलेल्या मेथीचा कडवट वास आला की मला चामराजपेटेतला तो उन्हाळा आठवतो. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी वडिलांना, आमच्या अण्णांना, रोज चालायला सांगितलं होतं. ते मेथीचं पाणी पिऊन निघत आणि देवळात प्रदक्षिणा घालत. तिथे अर्थातच अनवाणी. एके दिवशी ऊन चढलं, फरशी तापली, तरी ते थांबले नाहीत. घरी आल्यावर मला त्यांच्या तळव्यावर मोठा फोड दिसला. "अण्णा, दुखत नाही?" "स्वल्प पण नाही रे. व्यायाम झाला, पुण्यही मिळालं!" आई तळवा पुसत म्हणाली, "पुण्य कसलं, तुमच्या पायाला आता कळतच नाही काही." फोड चिघळला. पाय कापावा लागेल कदाचित, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशनच्या दिवशी माझा पेपर होता. अण्णांनीच हट्टाने पाठवलं. मी काय लिहिलं ते आज आठवत नाही. बाहेर येऊन फोन लावला, तेव्हा आई एवढंच म्हणाली, "एक बोट गेलं. पाय राहिला."