हलगी बाहेर ठेवा

"हलगी बाहेर ठेवा बाई. आत कविता आहे."

सांगलीतल्या सभागृहाच्या दारात कविसंमेलनाचे आयोजक मला असं म्हणाले. हळू आवाजात, हसून. सकाळी याच माणसानं मला पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. तेव्हा माझ्या हातात फक्त कवितेचा कागद होता.

मधे झालं ते असं. प्रमुख पाहुण्यांच्या स्वागताला हलगीवाले बोलावले होते. पलूसकडचे, आमच्याच वस्तीतले. त्यात माझा चुलतभाऊ. मी आत बसलेली आणि बाहेर हलगी सुरू झाली. सैल. हवा दमट, कातडं ओलसर, आवाज नुसता बद्द. बाकी कुणाला त्याचं काही नव्हतं. मला मात्र बसवेना.

माझे आबा हलगी वाजवायचे. आमच्यात बाईनं हलगी वाजवायची नाही, पण शेकायची मीच. उसाच्या पाचटाचा जाळ करायचा, वर हलगी धरायची, मधनंच बोटानं टिचकी मारून बघायची. कडक वाजली की आबांच्या हातात द्यायची. पुढं शाळेत मी कविता म्हणायला लागले तेव्हा आबा म्हणाले, "तू कविता धर, बाय. हलगी पाव्हण्याला दारापातुर नेती. आन आपुन दारातच ऱ्हातूय."

धरली कविता. वस्तीत हलगी वाजायला लागली की मी दार लावून लिहीत बसायची. आणि मेल्या ओळी पडायच्या तिच्याच ठेक्यावर.

तर त्या दिवशी मी उठले. भावाच्या हातातली हलगी घेतली, चहावाल्याच्या शेगडीवर शेकली. टिचकी मारली. मग हलगीवर काडी मारून बघितली. आणि हात थांबेनात. कुणी शिकवलं नव्हतं, तरी येत होतं. तेवढ्यात पाहुण्यांची गाडी आली. मी त्यांच्या पुढं वाजवत दारापर्यंत गेले. खोटं कशाला बोलू, मला लय आनंद झाला. कविता वाचून असा आनंद मला कधी झाला नव्हता, आणि याचं तेव्हाच वाईटही वाटलं.

आयोजक बघत होते. म्हणाले, "तुमच्यात बायका पण वाजवतात का?"

तुमच्यात. सकाळपासून मी त्यांच्यात होते.

आत गेले तर माझ्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलेलं. माझं नाव शेवटी टाकलं, वेळ उरला तर बघू म्हणाले. मी चपलांपाशी भावाच्या माणसांत उभी राहिले. हलगी माझ्याच हातात होती. सगळ्यांच्या कविता झाल्या. कष्टकऱ्यांवर झाल्या, मातीवर झाल्या. टाळ्या पडल्या. मग माझं नाव पुकारलं. मी तशीच निघाले, आणि दारात ते वाक्य.

भाऊ मागनं म्हणाला, "ठिव की गं. कशापायी वाढवतीस?"

एका हातात कागद, एका हातात हलगी. मला आबा दिसले. सगळा जन्म असल्याच दारात उभे राहिलेले. मला त्यांनी आत धाडलं होतं, पण हे लोक आत येऊ देतात ते आबांना बाहेर ठेवून. एवढं साधं मला इतकी वर्षं कळलं नव्हतं.

मी म्हणाले, "मग कविता बी भाईरच ऱ्हाऊ द्या."

घरची बोली मी तिथं पहिल्यांदाच बोलले. मी मागं फिरले, कुणी थांबवलं नाही. माइकवर आभार सुरू झाले.

भावानं हलगी काढून घेतली. तुझ्यापायी आता हितलं बोलावणं गेलं, म्हणाला. त्याचंही खरं होतं. ते सगळे टेम्पोत बसून गेले, मला ये म्हणाले नाहीत. मी एकटीच चालत स्टँडवर आले.

माधवनगरला शिलाईच्या कारखान्यात जाते, खोली घेऊन राहते. कवींच्या लेखी मी वाजवणारी. वस्तीच्या लेखी शिकून वाया गेलेली. सणालाही कुणाचा फोन येत नाही. आबांच्या माघारी त्यांची हलगी खुंटीला होती, ती खोलीवर आणली. स्टोव्हवर शेकते, वाजवते, आणि वाजवत वाजवत कविता म्हणते. ऐकायला कुणी नसतं. रडू येतं कधी कधी.

कुठनं कवितेचं बोलावणं आलंच तर आधी सांगते, हलगी आत येईल. पलीकडचा माणूस कळवतो म्हणतो. कळवत नाही. नको कळवू. कुणाच्या पुढं वाजवत मी दारापर्यंत जाणार नाही. आणि हलगी दारात ठेवून एक ओळसुद्धा वाचणार नाही.