पाडव्यापर्यंतचा विमा आणि आत्याच्या चपला

शेवंताआत्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली आणि त्याच संध्याकाळी तिचा मला पुण्याला फोन आला. "नंदे, त्याच्या आधी मला एकदा माहेरी ने." मी म्हटलं, आत्या, तुझं माहेर पाण्याखाली आहे. "ते मला ठावं हाय. पाणी उतारलंय म्हणत्यात. देऊळ वर आलंय." एवढं बोलून तिनं फोन ठेवून दिला. आत्याशी वाद घालायची सोय नसते.

तिचं माहेर म्हणजे इंदापूर तालुक्यातलं जुनं पळसदेव. उजनी धरण भरलं तेव्हा ते गाव पाण्यात गेलं आणि वरच्या अंगाला नवं वसलं. आत्या त्याआधीच लग्न होऊन वालचंदनगरला गेली होती, आतोबा तिथल्या कारखान्यात फिटर होते. गाव उठलं तेव्हा ती बाळंतीण होती, त्यामुळे शेवटचं बघणंही राहिलं. माझे वडीलही तिथलेच, पण मी पुण्यात वाढले, ते गाव कधी पाहिलं नव्हतं. पुढे ज्या ज्या उन्हाळ्यात पाणी आटायचं, त्या त्या वेळी काही ना काही आडवं यायचं. आता तिला एकोणऐंशी संपत आली आहेत. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननंतर होडीबिडीत चढणं विसरा. म्हणजे जायचं तर याच आठवड्यात, नाहीतर राहिलं.

माझ्याबद्दलही सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी एकतीस वर्षं विमा कचेरीत दाव्यांच्या टेबलावर काढली. लोक प्रवासाला निघताना कपडे भरतात, मी आधी अटी वाचते. माझा नवरा म्हणतो, ही वर गेली की यमाकडे पॉलिसीची मूळ प्रत मागेल. मागेनच.

पुण्याहून निघाले आणि चौफुल्यावरून सुप्याच्या रस्त्याला गाडी घातली. सुप्याला बाजाराचा दिवस होता, शेळ्यांमधून वाट काढायला अर्धा तास गेला. गावाबाहेर माळावर दोन चिंकारा उभे दिसले. मी काच खाली केली तशी ते जराही न घाबरता बघत राहिले, मग कंटाळून निघून गेले. बारामतीला चहा घेतला आणि तिथून पुढे दोन्ही बाजूंनी ऊस सुरू झाला. लासुर्ण्यात आत्या मुलाकडे राहते. मी पोचले तेव्हा ती ओट्यावर बसून काठीला नवं रबर बसवत होती. "उशीर केलास," म्हणाली. मी एक तास लवकर पोचले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघीच निघालो. नव्या पळसदेवच्या खाली, जलाशयाच्या काठावर बाळूतात्यांची होडी असते. तात्या पन्नाशीचे, मूळचे मासेमारीतले, आता पक्षी बघायला येणाऱ्यांना फिरवतात. काठावर पाऊल ठेवलं आणि समोर रोहित पक्ष्यांची लांबच लांब रांग दिसली. त्यांच्या मागे, बरंच आत, पाण्यातून वर आलेलं देवळाचं शिखर आणि खाली थोडा चौथरा.  काठीवरची आत्याची मूठ घट्ट झाली.

तात्यांच्या घरचा एक रिवाज तिथेच कळला. होडीत चढणाऱ्यानं पायातल्या चपला काठावर काढायच्या. त्यांच्या बायको, मालनबाई, त्या ओळीनं मांडून ठेवतात आणि होडी परत आली की ज्याची त्याला देतात. मी कारण विचारलं. "माणसं मोजायला चुकतं वो बाई, चपला मोजायला न्हाय चुकत," मालनबाई म्हणाल्या. "एक जोड उरला तर एक माणूस पाण्यात हाय." माझ्या नोकरीत मी इतकी सोपी नोंदवही पाहिली नव्हती.

अख्खी होडी आमच्या दोघींसाठी ठरवली. पक्ष्यांपर्यंतचं भाडं तात्यांनी सांगितलं ते वाजवी होतं. "आणि देवळापतूर जायचं तर धा हजार अनामत," ते म्हणाले.

"कशाची?"

"पंख्याची." पंखा म्हणजे इंजिनाचं पाण्यात फिरणारं पातं. "पाणी उतारलं की जुन्या घरांच्या भिती वर येत्यात. दिसत न्हायत, पर वीतभर खाली असत्यात. गेल्या साली दोन पंखे मोडले. विम्यात ते धरत न्हायत. धड परत आलो तर अनामत परत."

मी म्हटलं, विम्याचे कागद दाखवा. तात्यांनी मला नीट न्याहाळलं, मग पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकची पिशवी काढली. पॉलिसी नीट होती. प्रवासी आठ, जलाशयाची हद्द बरोबर, आणि बुडालेल्या वस्तूला आपटून फक्त पंखा मोडला तर भरपाई नाही, असं स्वच्छ लिहिलेलं. माणूस खरं बोलत होता. मग माझी नजर खालच्या तारखेवर गेली.

"तात्या, हा विमा संपलाय. दहा दिवस झाले."

"संपलाय कसा? पाडव्यापतूर हाय की. गेल्या पाडव्याला होडीची पूजा केली, त्याच दिशी इमा उतरवला. पाडवा अजून आठ दिवसांवर हाय."

मी डोक्याला हात लावला. गेल्या वर्षी अधिक मास आला होता, त्यामुळे यंदाचा पाडवा पुढे गेला होता. विमा कंपनी इंग्रजी तारखा मोजते, तात्या तिथी मोजत होते. मी हे समजावून सांगितलं तसे ते होडीच्या काठावर बसलेच. "म्हंजे धा दिस मी लोकांची पोरंबाळं बिनइम्याची फिरवली?" त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. मला त्या क्षणी हा माणूस फार आवडला. पैशांचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"आज जायचं न्हाय," ते म्हणाले. "पाडव्याला इमा उतरवतो, मग या."

पाडव्याला आत्या दवाखान्यात असणार होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, शिखराकडे बघत होती.  कागद वाचायची माझी हौस आणि त्यापायी तिचं माहेर हुकणार. गप्प बसले असते तर आत्तापर्यंत होडी निम्म्यात असती. पण बिनविम्याच्या होडीत मी तिला घातलंही नसतं, हेही तितकंच खरं.

मी विचारलं, "विमा आजच उतरवला तर?"

"पाडव्याबिगर? आमच्यात होडीचं नवं काम पाडव्यालाच करत्यात, बाई."

इथे आत्या पहिल्यांदा बोलली. "तात्या, पाडव्याला गुढी उभार, पूजा कर, नारळ फोड. तुझा देव कुठं पळून जात न्हाय. इमा माणसांचा असतू, त्याला कसला मुहूर्त?"

मालनबाई हसल्या आणि म्हणाल्या, "व्हय की वो." तात्यांनी फोन काढला.

एजंट इंदापूरहून मोटरसायकलवर आला. मुदत उलटून गेलेली असल्यामुळे होडी नव्यानं तपासावी लागणार होती, हे मला माहीत होतं आणि त्याला वाटत होतं की मला माहीत नाही. होडीचे चारी बाजूंनी फोटो, इंजिनाचा नंबर, लाइफ जॅकेटं मोजून. मी उन्हात उभं राहून प्रत्येक रकाना वाचला. "मॅडम, तुम्ही आधी कुठं नोकरीला होता?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. त्यानंतर तो फार जपून बोलला. दुपारी बारा वाजून गेल्यावर नवी पॉलिसी तात्यांच्या फोनवर आली. मी ती दोनदा वाचली आणि मगच चपला काढल्या. आयुष्यात दावे खूप निकाली काढले, पण इतकं समाधान एकातही मिळालं नव्हतं.

मालनबाईंनी तोवर चिलापीचा (इथला गोड्या पाण्यातला मासा) रस्सा चुलीवर चढवला होता. वास असा की पाय हलेना. "देवाला जायाचंय. मासं परतल्यावर," आत्यानं बजावलं. मी अनामत मालनबाईंच्या हातात दिली आणि आम्ही निघालो.

रोहित पक्षी आमच्या दोन्ही बाजूंनी सरकत गेले. मग पाणी गढूळ झालं आणि तात्यांनी इंजिन हळू केलं. कपाळावर आठ्या. एक हात हँडलवर, नजर पाण्यावर. शिखराच्या रोखानं सरळ निघालो होतो, तेवढ्यात आत्यानं काठी होडीच्या तळावर आपटली.

"कुठं चाललास?"

"देवळाकडं, आक्का."

"आन घरांवरनं कशाला जातूस? वाटंवरनं जा की."

तात्यांना कळेना. मलाही. आत्या बसल्या जागी वळली आणि काठीनं दाखवू लागली. "ती टेकडी बघ. तिच्या खाली भिगवणची गाडीवाट यायची. दोन बैलगाड्या जातील एवढी रुंद. वेशीतनं आत, मग डावीकडं आड, आडाला वळसा मारून सरळ देवळाच्या पायरीला. वाटंत कोण भिती बांधतंय व्हय?"

तात्यांनी इंजिन बंद केलं. लांब बांबू घेऊन आत्याच्या काठीच्या दिशेनं पाण्यात खुपसला. खाली मऊ गाळ. पुढे परत खुपसला, परत गाळ. उजवीकडे हातभर सरकून खुपसला तर टक्कन दगड लागला. तात्यांनी आत्याकडे पाहिलं. त्यांना कळायला लागायच्या आधीपासून या गावात पाणी होतं. त्यांना जलाशय माहीत होता, गाव माहीत नव्हतं.

"सांगा आक्का," ते म्हणाले, आणि इंजिन पुन्हा सुरू केलं.

मग आम्ही गावात शिरलो. दिसत काहीच नव्हतं, सगळीकडे सारखं मातकट पाणी. पण आत्या सांगत होती आणि मला एकेक घर दिसत होतं. "हितं तेल्याचं घर. हळू, त्याचा ओटा बाहीर आलेला. आता डावीकडं. आड आला, लांबनं घे, त्याचा कठडा उंच हाय." तात्यांनी लांबून घेतलं. बांबू टेकवून बघितला तर कठडा खरोखर होता, पाण्याखाली वीतभर. मी आनंदानं ओरडलेच. आत्या म्हणाली, "नंदे, माहेरी आलीस, जरा रीतीनं बस."

होडी चौथऱ्याला लागली. तात्यांनी आत्याला अक्षरशः उचलून पायरीवर ठेवलं. मूर्ती केव्हाच वरच्या गावात नेली आहे, आत नुसता गाळ आणि शंख. आत्यानं पायरीवर कपाळ टेकलं आणि बराच वेळ वर काढलं नाही. मला रडू आलं, मी ते लपवलं नाही. मग ती उठून बसली, पदराची गाठ सोडली आणि भाकरीचा तुकडा काढला. "माहेरातनं उपाशी पोटी जायाचं नसतं," म्हणाली. तिघांनी तो तिथे बसून खाल्ला.

परतीला तात्यांनी काहीही न विचारता त्याच वाटेनं होडी काढली. काठाला लागल्यावर इंजिन वर उचललं आणि पंख्याच्या प्रत्येक पात्यावरून बोट फिरवलं. "एक वरखडा न्हाय," ते मालनबाईंना म्हणाले, आणि अनामत माझ्या हातात परत आली. रश्शावर आम्ही असा ताव मारला की मालनबाईंना भाकऱ्या पुन्हा थापाव्या लागल्या.

जेवताना तात्या हळूच म्हणाले, "आक्का, दुसऱ्या वाटा बी हायेत का?"

"हायेत की. नदीकडची हाय, मळ्याची हाय. परत आले की दावते."

"परत याल?"

मी ऑपरेशनचं सांगायला तोंड उघडलं. आत्यानं मला डोळ्यानंच गप्प केलं. मालनबाईंनी चपला पुढे सरकवल्या. माझ्या मी घातल्या. आत्यानं स्वतःच्या काठीनं मागे ढकलल्या. "ऱ्हाऊ देत. अनामत हाय." आणि अनवाणी, काठी टेकत, ती गाडीकडे चालायला लागली.

पाडव्याला मी दवाखान्यात तिच्या उशाशी होते. ऑपरेशन झालं होतं, गुडघा उत्तम. तात्यांचा फोन आला, होडीची पूजा झाली म्हणाले, आणि नव्या विम्याची इंग्रजी तारीख होडीवर रंगवून घेतल्याचंही सांगितलं. व्यायाम शिकवणारी मुलगी आली, आत्याच्या पायांकडे बघून म्हणाली, "आजी, चालायला सुरुवात करायची तर मऊ चपला घ्याव्या लागतील."

"नव्या कशाला?" आत्या म्हणाली. "माझ्या हायेत की, पळसदेवला. चालायला लागले की आधी त्या आणायला जायाचंय."