लाजेपायी मी पोटदुखी सांगितली

"प्रोलॅप्स. थर्ड डिग्री," डॉक्टरबाई म्हणाल्या.

त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. माझ्या पायांशी उभ्या असलेल्या शिकाऊ डॉक्टरांना सांगत होत्या. त्यांत मुलगेही होते. मी पदर तोंडावर ओढून पडले होते. आजार काय असेल याची त्या घडीला मला पर्वा नव्हती. यांच्यापैकी कुणी उद्या इतवारीच्या बाजारात समोर आलं तर मी कुठे तोंड लपवू, एवढंच मनात येत होतं.

मग बाईंनी सगळ्यांना पडद्याबाहेर काढलं आणि स्टूल ओढून बसल्या.

"यूटेरस म्हणजे गर्भाशय. तुम्ही पिशवी म्हणता ती. आत बंध असतात, ते तिला धरून ठेवतात. बंध सैल झाले की ती खाली सरकते. त्याला प्रोलॅप्स म्हणायचं. थर्ड डिग्री म्हणजे ती पूर्ण बाहेर आली आहे. कधीपासून आहे हे?"

"धाकट्याच्या वेळेपासून."

"केवढा आहे धाकटा?"

"मॅट्रिकला आहे."

बाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

ही सत्तर-पंचाहत्तरच्या सुमाराची गोष्ट. आम्ही विणकर. घरात माग होता, हे लुगडी विणत आणि मी उकिडवी बसून चरख्यावर सुताच्या कांड्या भरत असे. धाकट्याच्या बाळंतपणानंतर अंग भरायच्या आतच मी चरख्यापाशी बसले. प्रत्येक बाळंतपणात असंच झालं होतं. सुरुवातीला नुसतं जड वाटायचं, खाली काहीतरी अडकल्यासारखं. मग एक दिवस धुणं धुताना ते हाताला लागलं. मला वाटलं आतडं आलं, आता मी मरणार. मेले नाही. हाताने आत सारलं आणि धुणं पुरं केलं.

पुढे ते रोजचंच झालं. शिंक आली की लघवी सुटायची. जुन्या लुगड्याच्या घड्या करून बांधायच्या, त्या सगळ्यांच्या आधी उठून धुवायच्या आणि दुसऱ्या कपड्यांखाली वाळत घालायच्या. अंगाला वास येतो असं मला सारखं वाटे. हळदीकुंकवाला मी दाराशीच उभी राहून कुंकू लावून घेई आणि परत फिरे. लोक म्हणत, विणकराची बायको फार तोऱ्याची. ह्यांच्यापासूनही मी दूर झोपू लागले. कंबर दुखते म्हणायचे. हे काही विचारत नसत.

मग रक्त दिसू लागलं. तेव्हा मात्र जीव घाबरला. आमच्या गल्लीतली एक बाई असंच रक्त जाऊन कॅन्सरने गेली होती. मी ह्यांना म्हणाले, "माझ्या पोटात दुखते जी, दवाखान्यात न्या."

मोठ्या सरकारी दवाखान्यात चिठ्ठी काढताना खिडकीतल्या माणसाने मोठ्याने विचारलं, "काय होते?" मागे पुरुषांची रांग. हे शेजारीच. मी म्हणाले, "पोट दुखते." त्याने मेडिसिनला पाठवलं. मेडिसिन म्हणजे औषधोपचाराचा विभाग, तिथे ताप, खोकला, पोटदुखी बघतात. तिथल्या एका तरुण डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि गोळ्या दिल्या. पुढच्या खेपेला एक्स-रे काढला. त्याच्या पुढच्या खेपेला बेरियम नावाचं खडूच्या पाण्यासारखं पांढरं औषध पाजून जठराचे फोटो काढले. जठरात काही नव्हतं. कुठून असणार? दुखणं होतं कुठे, आणि मी हात ठेवत होते कुठे!

शेवटी मी बाकावरून उठले तेव्हा लुगड्यावर डाग होता, बाकावरही होता. त्या तरुण डॉक्टरांनी तो पाहिला. मान खाली घालून माझ्या कागदावर त्यांनी 'गायनिक' लिहिलं. गायनिक म्हणजे बायकांच्या आजारांचा विभाग. मी पदराने बाक पुसून घेतला. आजही ती गोष्ट आठवली की कान तापतात.

अशी मी डॉक्टरबाईंपुढे पोचले. त्यांनी सांगितलं, बाहेर आलेला भाग कपड्याला घासून अल्सर झाला आहे. अल्सर म्हणजे चिघळलेली जखम. रक्त तिथूनच येत असावं, पण खात्रीसाठी बायॉप्सी करायची. बायॉप्सी म्हणजे जखमेचा बारीकसा तुकडा काढून यंत्राखाली बघायचा, त्यात कॅन्सर आहे की नाही ते कळतं.

बाहेर हे बाकावर बसले होते. "काय म्हणाली डॉक्टरीण?"

मी पदर सारखा करत राहिले.

"अवं, काहून सांगत नाही? मी काय परका आहो?"

मराठीत जे बोलायचं ते माझ्या तोंडून निघेना. मी म्हणाले, "प्रोलॅप्स आहे म्हणे. यूटेरसचं."

"म्हंजे?"

इंग्रजी नाव घेतल्यावर कसं कोण जाणे, पुढचं बोलता आलं. जणू ते दुसऱ्याच कुणा बाईचं होतं. बाईंनी सांगितलं तसंच मी सांगितलं, बंध, पिशवी, जखम. हे खाली बघत ऐकत होते. मग म्हणाले, "इतकी वर्षं मले वाटे, तुले माहा कंटाळा आला."

मला वाटलं होतं, त्यांना किळस येईल. त्यांनी मात्र इतकी वर्षं स्वतःलाच नको झालेलं मानलं होतं. दोघंही मागाच्या त्याच खोलीत राबत होतो.

बायॉप्सीच्या कागदावर 'नो मॅलिग्नन्सी' आलं. मॅलिग्नन्सी म्हणजे कॅन्सरची वाढ. त्याच्याआधी 'नो' आहे हे बाईंनी बोट ठेवून दाखवलं तेव्हा मला रडू फुटलं.

मला वॉर्डात दाखल करून घेतलं आणि जखम भरावी म्हणून रोज औषधाची पट्टी आत ठेवत. ती भरल्यावर ऑपरेशन झालं. व्हजायनल हिस्टरेक्टॉमी, म्हणजे पोटावर चीर न देता खालच्याच वाटेने गर्भाशय काढणं. सोबत रिपेअर, म्हणजे सैल पडलेले भाग टाके घालून आवळणं. स्पायनल ॲनेस्थेशिया दिला. पाठीच्या कण्यात सुई देऊन कंबरेखाली बधिर करतात, आपण जागेच असतो. सगळी बोलणी कानावर येतात. मी डोळे मिटून घेतले होते.

नंतर कॅथेटर होता. कॅथेटर म्हणजे लघवीची नळी. तिची पिशवी खाटेला टांगलेली असते, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसते. मी तिच्यावर टॉवेल घालायची, सिस्टर काढून टाकायची. नळी काढल्यावर लघवीच होईना. त्याला रिटेन्शन म्हणतात, लघवी तुंबणं. पुन्हा नळी. दुसऱ्यांदा काढल्यावर आपोआप झाली तेव्हा सिस्टर सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाली, "झाली हो!" मी चादर डोक्यावर ओढली, पण आतून हसत होते.

एका दुपारी सासूबाई डबा घेऊन आल्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. कडक बाई, माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. डबा ठेवून स्टुलावर बसल्या, उठेनात. शेवटी वाकून म्हणाल्या, "तुह्या त्या रोगाचं नाव काय सांगितलं वं?"

"प्रोलॅप्स, आत्याबाई."

"पोरोलाप." त्यांनी ते दोनदा पुटपुटून पाहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मलेबी आहे. हा पोरगा झाला तवापासून."

हा पोरगा म्हणजे माझा नवरा.

"कोणाले सांगितलं नाही?"

"काय सांगू? मले वाटे, माह्याच अंगात पाप आहे."

मी त्यांचा हात धरला. लग्नानंतर पहिल्यांदाच धरला असेन.

घरी आल्यावर मी त्यांनाही बाईंकडे नेलं. त्यांचं हृदय अशक्त निघालं, ऑपरेशन झेपणार नव्हतं. बाईंनी पेसरी बसवली. पेसरी म्हणजे आत बसवायचं कडं, ते गर्भाशयाला खाली येऊ देत नाही. ते मधूनमधून काढून धुवावं लागतं, बाई धुऊन देत. पहिल्या दिवशी आत्याबाई ओसरीवरून दारापर्यंत नुसत्या चालून बघत होत्या, परत येत होत्या, पुन्हा चालत होत्या.

माझ्या बहिणींनो, हे सगळं मी लिहिते आहे ते निर्लज्ज झाले म्हणून नव्हे. लाज गेलेली नाही, लिहितानाही हात अडखळतो. पण लाजेसकट दवाखान्यात जाता येतं. खिडकीवर नुसतं 'गायनिक' म्हणा, पुढचं आत जाऊन सांगा. नवरा विचारत नसेल तर त्याला किळस आली आहे असं धरून चालू नका. त्या डॉक्टरबाईंचे आणि ज्यांनी मान खाली घालून योग्य शब्द लिहिला त्या तरुण डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

घरी सोडताना बाईंनी वजन उचलायला मनाई केली होती, मला आणि नंतर आत्याबाईंनाही. म्हणून एका सकाळी हे स्वतः बादल्या घेऊन नळावर गेले. तिथे सगळ्या बायका. मी दाराआड उभी होते.

समोरच्या काकू हसून म्हणाल्या, "काहून गा भाऊ, घरच्या बाया कुठी गेल्या?"

"घरीच आहेत. त्याइले वजन उचलाचं नाही."

"असं काय झालं?"

ह्यांनी बादली नळाखाली सरकवली. मान वर न करता म्हणाले, "पिशवी बाहेर आली होती बायकोची. माह्या मायचीबी."

हसणं थांबलं. आता गल्लीत कसं फिरायचं, या विचाराने मी आत जाऊन चुलीपाशी बसले आणि हे आल्यावर त्यांच्याशी बोललेही नाही.

दुपारी त्याच काकू आमच्याकडे आल्या. आत्याबाई झोपल्या आहेत का, हे त्यांनी पाहिलं. मग मागे वळून हळूच दार लोटलं, कडी लावली आणि माझ्यासमोर, फार सावकाश, जपून खाली बसल्या.