शेजारच्या कबरीवरची फुलं

जर्मनीतल्या झाक्सन प्रांतातल्या आमच्या गावात चर्चच्या मंडळीचा बँड आहे. त्यात मी ट्रॉम्बोन, ते लांब पितळी वाद्य, वाजवतो, म्हणजे हातात धरतो आणि फुंकतो. ईस्टरच्या पहाटे गल्लीगल्लीतून वाजवत लोकांना उठवायचं आणि सगळ्यांना घेऊन दफनभूमीत जायचं, ही आमची जुनी रीत. बायको, लिडिया, म्हणायची, "ट्राउगोट, तुझं वाजवणं ऐकून मेलेलेसुद्धा उठतील, पण तक्रार करायला." ती यंदा जानेवारीत गेली.

तेव्हापासून मला एकच धास्ती. सूर्य उगवताना पाळक वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतात, मग "प्रभू उठला आहे!" म्हणतात आणि आम्ही सगळे म्हणतो, "खरोखर उठला आहे!" जन्मभर मी ते दुकानात पाव मागावा तितक्या सहज म्हटलं. आता लिडियाचं नाव ऐकल्यावर ते तोंडातून निघणार नव्हतं, आणि निघालं असतं तर खोटं निघालं असतं. म्हणून मी एक शूर बेत आखला. त्या वेळी ट्रॉम्बोन ओठांना लावूनच उभं राहायचं. वाजवणाऱ्याला कोण जाब विचारतो?

हा बेत मी फक्त लिडियाला सांगितला होता. रोज संध्याकाळी कबरीपाशी जायचो आणि बडबडत बसायचो. "लिडे, माझा विश्वास पार आटला गं," हेही तिलाच सांगितलं. आमच्याकडे मंडळीतल्या भावांना, म्हणजे पुरुषांना, एका बाजूला आणि बहिणींना, म्हणजे बायकांना, दुसऱ्या बाजूला, ज्या क्रमानं गेले त्या क्रमानं पुरतात. नवराबायकोलाही सवलत नाही. कबरीवरचे दगड सगळ्यांना सारखेच, आणि तेही उशिरा बसतात.

ईस्टरच्या आदल्या दिवशी सगळं गाव दगड घासायला जमतं. मी मातीत पिवळी फुलं लावत होतो, तेवढ्यात मेहुणी इर्मट्राउट बादली घेऊन आली.

"हे काय चाललंय?"

"लिडियाला आवडायची ना ही."

"अरे शहाण्या, ही कुनिगुंडेबाईंची कबर! लिडिया अलीकडे आहे!"

दोघी एकाच आठवड्यात गेल्या होत्या. पुरलं तेव्हा बर्फ होतं, माझे डोळे भरलेले. बर्फ वितळल्यावर रांगेतला शेवटचा ढीग मी बेधडक आपला मानला. आणि कुनिगुंडेबाई! मंडळीच्या भोजनातल्या पावांवरून लिडियाचं जिच्याशी कधी पटलं नाही, त्या बाईपुढं मी महिनोन्‌महिने मन मोकळं केलं. इर्मट्राउट हसून हसून बादलीवर बसली. मीही हसलो. मग रडायलाच लागलो.

"रडतोस कशाला? फुलं उपटून इकडे लाव."

"फुलांचं नाही गं. मला माझी बायकोसुद्धा नीट सापडत नाही."

"तुला शोधायला कोणी सांगितलंय?" ती फणकारली. "शोधणारा दुसरा आहे. तुझ्या भरवशावर असतं, तर झालंच उठणं!"

घरी जाताना तेच डोक्यात घोळत राहिलं. मी आपला समजत होतो की पुनरुत्थान माझ्या विश्वासावर टेकून उभं आहे, आणि मी खचलो की तेही कोसळलं. केवढा हा तोरा! त्या पहिल्या ईस्टरच्या सकाळी येशूच्या कबरीकडे गेलेल्या बायकासुद्धा प्रेताला लावायची सुगंधी द्रव्यं घेऊनच गेल्या होत्या. विश्वास होता कोणाचा? तो उठला, तो कोणालाही न विचारता. फुलं मी होती तिथंच राहू दिली.

पहाटे पाळकांनी "लिडिया" म्हटलं. मी ट्रॉम्बोन खाली घेतला आणि ओरडलो, "खरोखर उठला आहे!"

अजून नावं संपायची होती. "प्रभू उठला आहे" तर कोणी म्हटलंही नव्हतं. बँडमास्तर एकेहार्टनं कपाळाला हात लावला. पाळकांनी घसा खाकरून पुढचं नाव वाचलं, "कुनिगुंडे."

कोणी मान वर केली नाही, कोणी डोळे पुसले नाहीत. बाईंच्या मागं कोणीच नव्हतं. माझी लाज तर गेलेलीच होती. मी पुन्हा ओरडलो, बाईंसाठी.