वाशीच्या बाजारातली चटणीवाली

अगं ये, अशी जवळ बस. मोबाइलवर त्या पोरीला लोक 'चिनी' म्हणून हिणवत होते, अन् तू हसलीस? शोभतं व्हय तुला?

आपल्या वाशी गावच्या आठवडी बाजारात एक चटणीवाली बसते. बाप इथलाच, फौजेतला. आई नागालँडची. तोंडवळा आईचा, बोली बापाची. शेंगदाण्यात आईकडची जहाल मिरची कुटते, अन् गिऱ्हाइकाच्या तळहातावर चिमूटभर ठेवून त्याच्या तोंडाकडं बघत राहते. पहिल्यांदा म्याबी तिला हिंदीतच भाव विचारला होता, खोटं कशाला बोलू?

परवा एक गडी तिच्या जागेवर टोपली मांडायला आला. म्हणला, "ए चिनी, ऊठ. जा तुझ्या मुलखाला."

तिनं बत्ता थांबवला न्हाय. "जाते की, मामा. माझा मुलूख इथनं दोन कोसावर. यष्टी साडेपाचला हाय. तवर मी इथंच बसणार. तुमी चटणी तरी चाखा."

लोक हसले. गड्याची टोपली मात्र तिथंच. मग मी उठले, त्याची टोपली बाजूला सारली अन् तिच्या पोत्यावर बूड टेकलं. यष्टी येईस्तोवर हलले न्हाय.

तो पुढच्या बाजारालाबी येणार. तूबी ये बाई लवकर. पोत्यावर आपल्या दोघींची जागा हाय.