तिसऱ्या चाकावरचं वजन

आमच्या घरातले बहुतेक वाद कधी ना कधी मिटले. मला कुठल्या शाळेत घालायचं, अंगणात मोरी बांधायची की न्हाणीघर, सगळं रुसून-फुगून का होईना ठरलं. एक वाद मात्र वर्षानुवर्षं चालला, तो म्हणजे मोटारसायकल दोन चाकांची बरी की तीन चाकांची. वाद घालणारे दोघं, माझे वडील आणि माझे मामा. वडिलांना मी अण्णा म्हणायची. ज्या बाईच्या जिवासाठी हा वाद सुरू झाला होता ती आत चुलीपाशी असायची, आणि तिला कुणी काही विचारायचं नाही.

अण्णा नाशिकला सरकारी कचेरीत कारकून होते. सत्तर सालानंतरचा तो काळ, आमच्या कॉलनीत घरटी एक सायकल म्हणजे खाऊन-पिऊन सुखी घर. त्यात अण्णांनी कुठूनशी जुनी, काळी, भली जड मोटारसायकल आणली. कचेरीला ते सायकलनंच जायचे, पेट्रोल परवडत नसे. मोटारसायकल फक्त घरच्यांना घेऊन बाहेर पडायचं तेव्हा निघायची. बुद्धपौर्णिमेला आम्ही लेण्यांच्या पायथ्याशी तिच्यावरून उतरलो की अण्णा चावी उगाच दोनदा फिरवून खिशात टाकायचे.

मी पाचेक वर्षांची असताना गंगापूर रोडला नव्यानं टाकलेल्या खडीवर ती गाडी घसरली. आई मागे एका बाजूला पाय सोडून बसली होती, मी तिच्या मांडीवर. आईनं मला छातीशी धरलं आणि स्वतःचं कोपर रस्त्याला दिलं. मला ओरखडासुद्धा आला नाही. तिचं कोपर मात्र सोलून निघालं. घरी आल्यावर हळद भरता भरता ती म्हणाली, "आता परत मी हिच्यावर बसायची नाय." एरवी ती फार बोलणारी नव्हती, त्यामुळे अण्णांनी ते मनावर घेतलं.

हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे जे सांगायचंय ते ऐकून कुणाला वाटेल की अण्णांना आईची पर्वा नव्हती. पर्वा होती. त्यांनी देवळाली कॅम्पात चौकशा केल्या, लष्कराच्या जुन्या सामानातली एक साइडकार मिळवली, भद्रकालीतल्या वेल्डरकडून ती गाडीच्या डाव्या अंगाला जोडून घेतली, आत रेक्झिनची गादी शिवून घेतली. पहिल्या दिवशी आईला आत बसवून म्हणाले, "आता पडायचं नाव नाही. तिवई कधी पडलेली पाहिलीस?"

तिवई जागच्या जागी उभी असते, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दोन चाकांची गाडी वळताना आपण अंग कलतं केलं की गाडीही कलते आणि वळते. तीन चाकांची कलत नाही, तिला हँडल धरून वळवावी लागते. पहिल्या आठवड्यात अण्णा दोनदा गटाराच्या दिशेनं गेले, पण शिकले. साइडकार रिकामी असली तर डावीकडे वळताना तिचं चाक उचलतं, तेही शिकले. एकट्यानं जायचं असलं तर ते आत वाळूचं पोतं ठेवायचे. पोतं ठेवलं की गाडी जड लागायची, म्हणून सावकाश चालवायचे. आईला चिडवायचे, "तू आलीस की पोतं उचलायचा त्रास वाचतो बघ." आई हसायची. मीही हसायची.

पण आई पोत्याएवढी जड नव्हती. काडीसारखी बाई ती. आणि ती बरोबर असली की अण्णांना चेव यायचा, गाडी जोरात निघायची. तरी चाक उचललं नाही, त्याचं कारण आई होती. डावं वळण दिसलं की ती पदर कमरेला खोचायची, डाव्या हातानं साइडकारची कड पकडायची, जवळजवळ कडेवर बसून निम्मं अंग बाहेर झोकून द्यायची. वळण संपलं की परत आत. मी लहान होते तेव्हा तिच्या पुढ्यात बसायची. ती कानात म्हणायची, "चल, रेल." आम्ही दोघी बाहेर रेलायचो. मला तो खेळ वाटायचा. मोठी झाल्यावर मी अण्णांच्या मागे बसायला लागले आणि तेच मला वरून दिसायला लागलं. आता ती एकटी रेलायची. अण्णांची नजर रस्त्यावर असायची. वळणावर डावीकडे खाली बघायला चालवणाऱ्याला सवड नसते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही हरसूलला मामांकडे जायचो. मामा तिथल्या शाळेत मास्तर, आईपेक्षा धाकटे, त्यांची दोन चाकांची मोटारसायकल. गिरणारे गाव मागे पडलं की पुढे वाघेऱ्याचा घाट. घाटात वळणांना तोटा नाही. जेवणं झाली की अंगणात बाज टाकून दोघांचं सुरू व्हायचं.

"शेण असो, खडी असो, म्हैस आडवी येवो, माझी गाडी उभी राहते," अण्णा म्हणायचे. "तुमची आडवी होते. गुडघा दाखवा बरं."

मामांच्या गुडघ्यावर खरंच मोठा वण होता. तो झाकत ते म्हणायचे, "दाजी, समोरून माणसांनी भरलेली जीप आली म्हणजे मी कडेनं निघून जातो. तुम्ही ते तिसरं चाक कुठं ठेवणार? दरीत?"

"जीपवाल्यालाच थांबवणार."

"तोल आपल्या अंगात पायजे. तुमचा तोल गाडीच्या अंगात हाय."

आता विचार केला तर दोघंही अर्धे बरोबर होते. घसरायची भीती दोन चाकांना जास्त, तीन चाकांना उलटायची. अशा एका दुपारी आई ताटं उचलायला आली आणि उभ्या उभ्या म्हणाली, "डाव्या वळणाला चाक उचलाया बघतंय. तेवढं वळण हळू घेत जा."

अण्णा म्हणाले, "तुला तिथं बसून काय कळणार? चालवतो मी."

मामा हसले. "आक्का, दाजींना चौथं चाक लावाय सांग."

ती ताटं घेऊन आत गेली. त्यानंतर एक-दोनदा घाटातही तिनं सांगितलेलं मी ऐकलंय, पण इंजिनच्या आवाजात तिचा आवाज तो काय. मग तिनं सांगायचं सोडून दिलं आणि नुसती रेलत राहिली. दोन शहाणी माणसं सुरक्षिततेवर तासन् तास बोलत होती, आणि सुरक्षितता म्हणजे काय ते जिला अंगानं माहीत होतं तिला ताटं उचलायची होती. मला याचा राग येतो. दोघंही आता नाहीत, तरी येतो.

आई गेली ती आजारानं, गाडीनं नाही. कावीळ झाली, उतरली असं वाटलं, आणि उतरली नव्हती. मी तेव्हा कॉलेजात होते. घरात दोघंच उरलो, अण्णा आणि मी. गाडी अंगणात ताडपत्रीखाली पडून राहिली. त्या वर्षीच्या सुट्टीत मामांचा निरोप आला की चार दिवस या, जरा बरं वाटेल. अण्णांनी ताडपत्री काढली. मी सवयीनं मागे बसायला गेले तर म्हणाले, "मागे नको. आत बस. रिकामी बरी दिसत नाही."

मी आईच्या जागी बसले. तिथून रस्ता किती जवळून पळतो, हे मी विसरून गेले होते. तिला वर्षानुवर्षं असाच दिसला असणार, असं काहीतरी डोक्यात चाललेलं होतं. घाटात डावं वळण आलं. अण्णांनी ते नेहमीच्या वेगानं घेतलं आणि मी वर गेले. साइडकार माझ्यासकट उचलली, अण्णांनी घाबरून हँडल सरळ केलं, गाडी सरळ रस्ता ओलांडून उजवीकडच्या मातीच्या दरडीला जाऊन थडकली. समोरून काही आलं नाही, हे आमचं नशीब. माझ्या कपाळाला टेंगूळ आलं, अण्णांचा उजवा पाय दरडीवर खरचटला.

अण्णा कितीतरी वेळ चाकापाशी उकिडवे बसून होते. "असं कधीच झालं नव्हतं," म्हणत होते. "कधीच नाही."

हरसूलला पोचल्यावर त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. मामांना घेऊन गाडीचे बोल्ट तपासले, हवा तपासली, वेल्डिंगवरून बोट फिरवलं. सगळं जागच्या जागी होतं. "सांधा कुठंतरी ढिला झालाय," अण्णा म्हणाले. "नाहीतर इतकी वर्षं नाही आणि आजच का?"

मी पायरीवर बसले होते. मी म्हणाले, "अण्णा, आई रेलायची."

"रेलायची म्हणजे?"

मी उठून साइडकारमध्ये बसले आणि दाखवलं. कड धरली, कंबर बाहेर काढली, अंग रस्त्याच्या बाजूला झोकलं. "दर डाव्या वळणाला," मी म्हणाले. "तिनं तुम्हाला सांगितलंही होतं. इथंच, या अंगणात."

अण्णा मामांकडे बघायला लागले. मामांनी मान खाली घातली. त्यांना आठवत होतं. मग मामाच म्हणाले, "दाजी, तुम्ही बसा आत. मी चालवतो."

शाळेला सुट्टी होती, मैदान रिकामं होतं. अण्णा आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या साइडकारमध्ये बसले. त्यांचे गुडघे पार हनुवटीपाशी आले. मामांना तीन चाकांची सवय नव्हती. ते वळायला स्वतः कलायचे, गाडी हटवादीपणानं सरळ जायची. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी पोट धरून हसले असते. दोन-तीन फेऱ्यांत त्यांना हँडल कळलं आणि त्यांनी डावीकडे गोल फेरा धरला, जरा वेगात. चाक उचललं. अण्णा लाकडासारखे ताठ बसून राहिले.

"बाहेर, अण्णा, बाहेर झुका," मी ओरडले.

ते झुकले, पण उशिरा. पुढच्या फेरीला जरा आधी झुकले. त्याच्या पुढच्या फेरीला नीट जमलं आणि चाक जमिनीवर राहिलं. मामा थांबतील असं मला वाटलं, पण अण्णाच हातानं खूण करत होते, चालू दे, अजून चालू दे. किती फेरे झाले मी मोजले नाहीत. शेवटी थांबले तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता आणि डावा हात कडेवरून सुटत नव्हता. मामांनी तो सोडवला.

खाली उतरून ते कमरेला हात लावून उभे राहिले. मग कुणाकडेही न बघता म्हणाले, "घरी गेलं की ती अशीच कंबर धरून बसायची. मी म्हणायचो, तुला काय झालं? तू तर नुसती बसून आलीस."

मला वाटलं होतं अण्णा रडतील, म्हणजे मला तरी सोपं जाईल. ते रडले नाहीत. रुमालानं हात पुसले आणि गाडी ढकलत घराकडे निघाले. त्या मुक्कामात बाज अंगणात टाकली जायची, पण त्यावर बसून दोघं पिकाचं, शाळेचं, पाण्याचं बोलत राहिले. चाकांचा विषय निघाला नाही.

परत निघालो तेव्हा मामा वाळूचं पोतं शोधत होते. अण्णा म्हणाले, राहू द्या. मी आत बसले. मनात पक्कं ठरवलं होतं की या वेळी मी चुकणार नाही. घाट सुरू झाला, पहिलं डावं वळण दिसलं, मी ओढणी कमरेला बांधली आणि कड धरून बाहेर रेलायला लागले.

अण्णांनी गाडी इतकी हळू केली की मागून येणारी बैलगाडी आम्हाला गाठते की काय असं वाटलं. वाकून माझ्याकडे बघत म्हणाले, "रेलू नकोस. तू नीट बस. मी हळू घेतो."

प्रत्येक डावं वळण त्यांनी तसंच घेतलं, अगदी पायी चालल्यासारखं. मी मागे टेकून बसले. चाक एकदाही उचललं नाही, आणि गिरणारे येईपर्यंत मी तोंड फिरवून रडत होते, कारण आईनं त्यांच्याकडे एवढंच मागितलं होतं.