सळईची वरची रेघ

आमच्या बँडचा अल्बम एकच, त्यात गाणी पाच. ती शेवटपर्यंत ऐकलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. पण चार दोस्त जमले की कुणीतरी म्हणतंच, "सुन्या, ते कव्हरचं सांग ना!" गाणी करायला आम्हाला दोन महिने लागले आणि कव्हरवर तीन अक्षरं लिहायला वर्ष गेलं. एवढ्या वेळात किस्से साचणारच!

बँडचं नाव 'सळई'. आमच्या जालन्याची ओळख दोनच गोष्टींनी, सळई आणि मोसंबी. आता रॉक बँडला मोसंबी नाव कसं द्यायचं?

भागवत गातो, इम्रान गिटार वाजवतो, मी ड्रम बडवतो. इम्रानचं फ्लेक्सचं दुकान आहे. त्याचे अब्बा, रशीदचाचा, हे जुने पेंटर. एकेकाळी बाजारातल्या निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. इम्राननं फ्लेक्सची मशीन आणली त्या दिवशी चाचांनी सगळे ब्रश धुतले, कपाटात ठेवले आणि किल्ली खिशात टाकली. भांडण नाही, तंटा नाही. बापलेक जेवायला शेजारी शेजारी, पण अक्षरांचा विषय बंद.

इम्रानला मात्र कव्हरवर अब्बांचाच हात हवा होता. तोंडानं मागायची छाती होत नव्हती. म्हणून आम्ही बाकीचे सगळे उद्योग केले.

*

पहिला उद्योग भागवतचा. त्यानं मोबाईलवर परदेशी मेटल, म्हणजे कर्कश रॉकवाल्या, बँडांची नावं दाखवली. सगळी काटेरी, एक अक्षर लागेल तर शपथ! "वाचता आलं तर ते मेटल कसलं?" असं त्याचं म्हणणं. इम्राननं तसंच डिझाईन केलं. 'सळई'ला वरून, खालून, बाजूनं काटे फुटले.

भागवत मोठ्या कौतुकानं प्रिंट घेऊन कुंभार पिंपळगावला घरी गेला. आईनं कागद उभा धरला, आडवा धरला.

"बाभळीचा फोटो कशाला काढून आणलास रे?"

"आई, आमचं नाव हाये ते!"

माउलीनं परत एकदा पाहिलं आणि कागद हातात दिला. "मंग शेळ्यांपासून जपून ठेव."

*

त्यानंतर इम्रान म्हणाला, साधं करू. काळं बॅकग्राउंड, पांढरी जाड अक्षरं, खाली आम्हा तिघांचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो. भागवत सिंगर, म्हणून तो मधोमध आणि सगळ्यात मोठा. आम्हाला एकदम इंटरनॅशनल वाटलं! इम्राननं मोठी प्रिंट काढली आणि दुकानाबाहेर वाळायला टांगली.

नेमके त्या दुपारी भागवतचे टेंभुर्णीचे मामा-मामी बाजाराला आल्ते. त्यांना रस्त्यावरून काय दिसलं? काळ्यावर पांढरी अक्षरं आणि मधोमध भाचा, तोही गंभीर चेहऱ्यानं. पुढचं त्यांनी वाचलंच नाही. तशीच जीप केली आणि थेट कुंभार पिंपळगाव गाठलं. मामी फाट्यापासूनच रडत होत्या. दारात येऊन त्यांनी हंबरडा फोडला आणि दार उघडलं भागवतनं!

मामींनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. मग त्यांनी त्याच्या पाठीत एक रट्टा घातला.

"जित्ता हायेस तर रंगीत फोटो लावाया काय झाल्तं?"

दुसऱ्या दिवशी मी इम्रानला विचारलं, "हा फॉन्ट तू उचलला कुठून?"

तो खाली मान घालून म्हणाला, "श्रद्धांजलीच्या फाईलमधून. काय करू यार, लांबून तोच बराबर दिसतो."

*

हे सगळं चालू असताना चाचा दुकानाबाहेर खुर्ची टाकून पेपर वाचत बसायचे. मशीनमधून प्रिंट निघाली की तोंड फिरवायचे. पण फिरवायच्या आधी बघून घ्यायचे, हे मला माहीत होतं. एकदा त्यांना राहवलंच नाही.

"सुनील, तुमच्या 'ळ'ला मोडशी झाली का रे? पोट धरून कशाला बसलाय?"

"मंग कसा पाह्यजे चाचा?"

त्यांनी खाली पडलेला विटेचा तुकडा उचलला आणि भिंतीवर दोन फटक्यांत 'ळ' काढला. काय 'ळ' होता महाराजा! आतून इम्रान मोबाईल घेऊन पळत आला, फोटो काढायला. चाचांनी त्याला पाहिलं आणि पायातली चप्पल काढली. मी मनात म्हटलं, आता बसली ह्याला!

चाचांनी चपलेनं भिंत खसाखसा पुसली. "मशीनला विचार," म्हणाले आणि पेपर उघडला.

इम्रान त्या दिवशी जेवला नाही. खरं सांगतो, मला चाचांचा फार राग आला.

*

शेवटी आम्ही शहागडला गेलो. तिथं हायवेवर एक जण ट्रक रंगवतो. त्याला काळा पत्रा दिला, म्हटलं, नाव लिहा, हातानं. संध्याकाळी जाऊन पाहतो तर 'सळई' एकदम झकास! पण डाव्या अंगाला मोर, उजव्या अंगाला गुलाब आणि खाली दोन हंस.

"भाऊ, मोर कशाला?"

"जागा रिकामी व्हती."

"काढून टाका ना."

"मोर काढला तर 'स' बी जातो. पिसारा टेकलाय त्याच्यावर."

 परतताना गाडीत भागवत हळूच म्हणाला, "आपलं एखादं गाणं मोरावर करता येईल का?"

*

तो पत्रा इम्राननं घरी नेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा मला फोन, "जल्दी ये, भागवतला घेऊन ये." आम्ही गेलो तर अंगणात चाचा बसलेले, पुढ्यात दुसरा कोरा काळा पत्रा आणि मागे कपाट सताड उघडं.

"पूरी जिंदगी अक्षरं लिहिली मी," चाचा आम्हाला म्हणाले, "आणि ह्यानं माझ्या घरात मोर आणला!"

मला त्यांनी टर्पेंटाईनचं फडकं देऊन शेजारी उभं केलं. "चुकलं की जल्दी पुसायचं. ओलं हाये तोवर सगळं माफ."

चाचांनी लाल रंग घेतला. ब्रश पत्र्याला टेकवला. 'स' झाला, 'ळ' झाला, 'ई' झाली. आता फक्त वरची रेघ राहिली. ती चाचा नेहमी शेवटी मारायचे, एका दमात. इम्रान दाराशी उभा राहून बघत होता. चाचांनी ब्रश त्याच्यापुढे धरला.

"रेघ तू मार."

"अब्बा, मेरेको नहीं आता. मैं तो माउसवाला हूँ."

"मालूम है."

इम्राननं श्वास रोखून रेघ ओढली. 'ळ'पर्यंत बराबर गेली आणि 'ई'वर पोचता पोचता घसरली. थोडीथोडकी नाही, चांगली बोटभर! भागवतच्या तोंडून "अरारारा" निघालं. इम्रान पांढराफटक पडला. माझा फडक्याचा हात आपोआप पुढे गेला.

चाचांनी फडकं माझ्या हातातून हिसकावून घेतलं. पत्र्याकडे पाहिलं, पण रेघेला हात लावला नाही. मग त्या फडक्यानं स्वतःची बोटं एकेक करून पुसली, फडकं खिशात कोंबलं आणि घराकडे तोंड करून ओरडले,

"चार चाय भेजो!"